‘आख्खं गाव आपलं होतं’ म्हणजे नक्की काय होतं?

ताई, तुमचे पत्र दोनदा वाचले. वाचणाऱ्या इतरांसाठी मजकूर थोडक्यात सांगतो. दापोली तालुक्यातले गाव, पणजोबा तिथले खोत, तुमचे घर तीन पिढ्या पुण्यात. गेल्या पावसात वाड्याची मागची पडवी बसली तेव्हा माळ्यावरची संदूक खाली आली. तिच्यात मोडी कागदांची दोन गाठोडी आणि एक पितळी पायली, म्हणजे धान्य मोजायचे माप, निघाली. चुलते म्हणतात, ‘आख्खं गाव आपलं होतं, कूळकायद्यात गेलं.’ तुम्ही विचारता की किती जमीन होती, ती कशी गेली, काही परत मिळेल का, आणि घराण्याचा इतिहास लिहायचा तर कागद कुठून लावायचे.

मी चिपळूणला बसतो. जमिनीचे जुने कागद शोधून वाचून देणे हा माझा पस्तीस वर्षांचा धंदा. आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझा कल कुठे आहे ते तुम्हाला कळेल: माझा आजा खेड तालुक्यात एका खोताचे कूळ होता.

परत मिळण्याचा प्रश्न आधी मिटवतो, कारण त्यापायी लोक वकिलांची घरे भरतात. जी जमीन कुळाच्या नावे कायम झाली ती परत मिळत नाही. खोती गेली त्याची नुकसानभरपाई मागायची मुदतही तुमच्या वडिलांच्या लहानपणीच संपली. वाडा, त्याखालची गावठाणातली जागा, आणि घरच्या नावावर आजही असलेले एखाददुसरे ठिकाण, एवढे तुमचे आहे. त्याची वारसनोंद झाली नसेल तर ती आधी करून घ्या. इतिहास नंतर लिहिता येईल, वारसनोंद मात्र लांबली की सह्या करणारी माणसे मिळेनाशी होतात.

आता ‘आख्खं गाव’.

खोत हा मुळात गावचा वसुलीदार. आदिलशाहीपासून ही पद्धत दाभोळच्या सुभ्यात रुजली. सरकारने गावाचा आकडा ठरवायचा, खोताने कबुलायत लिहून द्यायची, तेवढी रक्कम सरकारात भरायची आणि कुळांकडून जे जास्त येईल ते आपल्याकडे ठेवायचे. हा मधला नफा हेच खोताचे खरे उत्पन्न. पुढे ही वसुली वंशपरंपरेने चालू लागली, वतन झाले, सनदा मिळाल्या, आणि दोन-तीनशे वर्षांत वसूल करणाऱ्यालाही आणि देणाऱ्यालाही तो गावचा धनीच वाटू लागला. खोत सगळेच ब्राह्मण होते असेही नाही. मराठा खोत होते, मुसलमान खोत होते. खाडीपट्ट्यात मुसलमान खोतांची घराणी आजही मान राखून आहेत.

इंग्रज १८१८ ला आले तेव्हा त्यांनाही हाच प्रश्न पडला, की हा माणूस मालक की नुसता मक्तेदार? त्यावर त्यांनी साठ वर्षे काथ्याकूट केला. १८६० नंतर मोजणी आली, तिच्यातून खोतांची आणि सरकारची जुंपली, चौकशीसाठी कमिशन बसले आणि शेवटी १८८० चा खोती कायदा झाला. तुमच्याच तालुक्यातल्या मुरुडचे रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक हे खोतांची बाजू मांडणाऱ्यांत पुढे होते, ते स्वतः खोत घराण्यातले. टिळकांचे मूळ घराणेही चिखलगावच्या खोतांचे, म्हणजे दापोलीचेच. खोतीचा कैवार घेणारी माणसे शिकलेली होती, त्यांना वर्तमानपत्रे होती, कौन्सिल होते. कुळांची बाजू त्या काळच्या कागदात शोधायला गेलात तर ती फिर्यादीत, जबानीत आणि ‘निशाणी अंगठा’ एवढ्यातच सापडते. इतिहास लिहिताना हे लक्षात असू द्या. जो लिहू शकत होता त्याचेच तुमच्या संदुकीत शिल्लक आहे.

तुमच्या चुलत्यांचा गोंधळ कुठे होतो ते त्या मोजणीतच दिसते. गावातली जमीन तेव्हा ढोबळमानाने तीन नावांखाली गेली. पहिली धारेकऱ्याची. तो सरकारी आकार, म्हणजे सारा, तेवढा खोताच्या हाती भरायचा, खोत त्याच्यावर छदामही वाढवू शकत नसे, आणि जमीन विकायला-गहाण टाकायला तो मोकळा होता. दुसरी खोती खासगी, म्हणजे खोताची स्वतःची. तिसरी खोती निसबत. या शेवटच्या दोन शब्दांनी माझ्यासकट कित्येकांना फसवले आहे. खोती निसबत जमीन कुळे कसत होती, पिढ्यान्‌पिढ्या कसत होती, पण मोजणीच्या दप्तरात ती खोताच्या खाती दिसते. धंद्याच्या सुरुवातीला एका घराण्याला मी असा उतारा काढून ‘हे सगळे तुमच्या मालकीचे होते’ असे सांगून बसलो. त्यांनी त्यावर दावा लावला. दुसऱ्याच तारखेला समोरच्या वकिलाने बोटखत काढले आणि माझे तोंड उतरले. त्या घराने मला पुन्हा कधी काम दिले नाही, आणि बरोबरच केले.

बोटखत म्हणजे कुळाने खोताला काय द्यायचे याची मोजणीच्या वेळी केलेली नोंद. कुठले कूळ, जमिनीचा कुठला तुकडा, भाताला अर्धेल की ठरीव खंड, वरकसाला (डोंगरउतारावरच्या हलक्या जमिनीला) तिर्धेल की काही वेगळे, सगळे त्यात. अर्धेल म्हणजे पिकाचा अर्धा वाटा खोताला, तिर्धेल म्हणजे तिसरा. १८८० च्या कायद्याने, १८४५-४६ च्या महसुली वर्षाआधीपासून जो सलग कसत आला त्याला कायम कुळाचा हक्क दिला. तो खोताला मनात आले म्हणून काढता येत नव्हता. जो हे सिद्ध करू शकला नाही तो मात्र खोताच्या मर्जीवर. पस्तीस वर्षांपूर्वीपासून आपण कसतो, हे अंगठा उठवणाऱ्या माणसाने कशाने सिद्ध करायचे? पावत्या देणारा खोतच.

म्हणून ‘गाव आपले होते’ याचा माझ्या हिशेबाने अर्थ असा: गावच्या वसुलीचा हक्क तुमचा होता, गावच्या पडीक जमिनीवर तुमचा शब्द चालायचा, आणि थोडी शेती-बागायत खरोखर तुमच्या मालकीची होती. ही तिसरी बाब बहुतेक घराण्यांत ऐकिवापेक्षा फार लहान निघते. गाव तरी पूर्ण खोती होते का तेही तपासा. काही गावे नुसती धारेकऱ्यांची होती, आणि काहींत धारा आणि खोती मिसळलेली, त्यांना कागदात चक्क ‘खिचडी’ गाव म्हटले आहे. खाली मालवणकडे गेलात तर चित्र आणखी वेगळे. आणि सावंतवाडीचे संस्थानच निराळे. आंबोली, चौकुळ, गेळे इथला कबुलायतदार गावकरांचा जमिनीचा प्रश्न त्यातूनच आलेला. तो तुमच्या गावाला लावू नका.

आणखी एक हिशेब चुलत्यांना विचारून घ्या: तुमची तकशीम, म्हणजे खोतीतला वाटा, किती? सोळा आण्यांची खोती चार भावांत गेली की प्रत्येकी चार आणे. त्यातल्या एकाला तीन मुलगे, की प्रत्येकी एक आणा चार पै. तुमच्या पणजोबांपर्यंत ती किती पैंवर आली होती? खोतीचे भाऊबंद पाळीपाळीने वहिवाट करत. ज्याच्या नावे त्या वर्षीची कबुलायत तो वहिवाटदार खोत. संदुकीतल्या एखाद्या कागदावर ‘वहिवाटदार खोत’ म्हणून पणजोबांचे नाव आहे एवढ्यावरून सगळी खोती त्यांची ठरत नाही. कदाचित त्या वर्षी त्यांची पाळी होती.

मग गेले ते कसे? ‘कूळकायद्यात गेले’ हे अर्धे खरे. घाव दोन आहेत आणि ते लोक नेहमी एकात एक मिसळतात. पहिला १९४९ चा खोती नष्ट करणारा कायदा, अंमल १९५० पासून. त्याने वसुलीचा हक्क संपवला. धारेकरी आणि कायम कुळे थेट सरकारचे खातेदार होऊ शकले आणि कोणी न कसलेली पडीक जमीन सरकारजमा झाली. तुमचे चुलते ज्या डोंगराकडे बोट दाखवून ‘हाही आपलाच’ म्हणतात तो बहुधा तेव्हाच गेला. नसेल गेला तर १९७५ च्या खाजगी वने संपादनाच्या कायद्याने त्यावर हात ठेवला आहे का, ते पाहावे लागेल. दुसरा घाव कूळकायद्याचा. कायदा १९४८ चा, पण खरी तारीख १ एप्रिल १९५७, कृषक दिन. त्या दिवशी जो कूळ म्हणून कसत होता तो कायद्यानेच खरेदीदार मानला गेला. कलम ३२ग खाली शेतजमीन न्यायाधिकरणापुढे किंमत ठरली, साध्या कुळाला आकाराच्या वीसपट ते दोनशेपट, कायम कुळाला खंडाच्या सहापट. पैसे भरले की ३२म चे प्रमाणपत्र. ही खरेदी तुमच्या घरच्या खोती खासगी जमिनीलाही लागली, कारण तीही बहुतेक खोत स्वतः कसत नव्हते. वाड्यात विधवा किंवा अज्ञान मालक असेल तर कुळाच्या खरेदीची तारीख पुढे ढकलली गेली, आणि कोकणातले आजचे अर्धे तंटे त्या ढकललेल्या तारखांचे आहेत.

हे पैसे कुळांनी आणले कुठून? तुमच्या इतिहासात याला एक पान द्या. मुंबईहून. गिरणीतल्या भावाची मनिऑर्डर. रत्नागिरी जिल्ह्यातला माणूस गिरणगावात गेला तो पोटासाठी, पण त्याच्या पगाराने घरच्या माणसाला खोतापुढे ताठ उभे राहता येऊ लागले. आजा सांगायचा, खोताकडे जाताना पायातले काढून ओटीखाली उभे राहायचे. चुलत आजोबा मुंबईहून पहिल्यांदा आले ते चपला घालूनच अंगणात गेले, त्यावरून आठ दिवस गावात दुसरा विषय नव्हता. कायदे मुंबईत झाले खरे. पण अलिबाग तालुक्यात चरी गावच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने १९३३ पासून १९३९ पर्यंत जमीन न कसण्याचा संप केला, पंचवीस गावे त्यात उतरली, त्यानंतर खोतीचे काय होणार हे कोणालाही दिसत होते. बाबासाहेबांनी खोती रद्द करण्याचे विधेयक १७ सप्टेंबर १९३७ ला मुंबई विधिमंडळात मांडले आणि पुढच्या जानेवारीत कोकणातली कुळे मुंबईत मोर्चाने आली. विधेयक तेव्हा पास झाले नाही. तरी १९४९ चे मूळ तिथे आहे असे माझे मत.

संपाचे नाव काढले म्हणून वेठीचेही काढतो, कारण ती कुठल्या उताऱ्यात सापडणार नाही. आठवेठ म्हणजे आठ दिवसांतला एक दिवस खोताचे काम फुकट. नांगरवेठ म्हणजे आपला नांगर-बैल घेऊन त्याच्या शेतात. तुमच्या गाठोड्यात नांगरांचा आकडा आणि पुढे माणसांची नावे, पण रुपये नाहीत, असा कागद निघाला तर तो कदाचित हाच असेल. फेकू नका.

आता कागद. गाठोडी उन्हात टाकू नका, नुसती सावलीत उघडा, दमट असतील तर पानांमध्ये कोरा कागद घाला. लॅमिनेशन करायचे तर मुळीच नको. एका घराने सनद लॅमिनेट करून आणली होती, शाई प्लॅस्टिकला चिकटून निघाली. आहे त्या क्रमाने प्रत्येक पानाचे फोटो काढा. क्रमाला अर्थ असतो, बांधणाऱ्याने काहीतरी विचार करून बांधलेले असते. मग मोडी वाचणाऱ्याकडे द्या. तारखा तुम्हीही काढू शकाल. ‘सन इहिदे अर्बैन मया व अलफ’ असे काही दिसले तर घाबरू नका, ते अरबी आकडे आहेत: एक, चाळीस, शंभर, हजार, म्हणजे सुहूर सन ११४१. त्यात ५९९ मिळवले की १७४०. वर्ष मृगापासून सुरू होते म्हणून १७४०-४१. फसली असेल तर ५९० मिळवा, शक असेल तर ७८. शक १८०० नंतरचे कागद बहुधा खंडाच्या पावत्या, कबुलायती आणि भाऊबंदकीचे दावे. वाचायला कंटाळवाणे, पण माझ्या दृष्टीने सोने.

सरकारी बाजूला, आजचे सात-बारा घरबसल्या निघतात. तिथून मागे जायचे. सात-बारावर फेरफारांचे क्रमांक असतात. त्यातला सगळ्यात जुना धरून फेरफार नोंदवही मागा, म्हणजे १९५० आणि १९५७ नंतर काय झाले ते समजेल. त्याआधीची मोजणीची पत्रके, म्हणजे कडई पत्रक, सूडपत्रक, आकारफोड आणि बोटखत, तहसीलच्या आणि भूमी अभिलेखच्या अभिलेख कक्षात. सर्व्हे नंबर बदललेले असतात, म्हणून आकारफोड आधी मागा, नाहीतर भलत्याच शेताचा इतिहास लिहून बसाल. जुन्या कागदात तालुक्याचे नाव दापोली न येता सुवर्णदुर्ग येईल, आणि गाव मंडणगडच्या बाजूचे असेल तर एके काळी ते दापोलीचाच भाग होते, हेही ध्यानात ठेवा. पेशवाईतले काही हवे असेल तर पुण्यातले पुराभिलेखागार तुमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे; तिथे जायचे सोडून लोक दापोलीला फेऱ्या मारतात. अभिलेख कक्षात जाल तेव्हा गावाचे नाव, जुना सर्व्हे नंबर आणि कोणता कागद, हे तीन लिहून अर्ज द्या. ‘आमच्या खोतीचे सगळे कागद’ असा अर्ज दिलात तर ‘आढळ होत नाही’ असा शिक्का मारून परत येईल. दोष कारकुनाचा नाही. त्याच्या दप्तराला ‘आमची खोती’ नावाचा रकाना नाही.

तुम्ही मोकळेपणाने लिहिलेत की भावाला शेतकरी असल्याचा पुरावा हवा आहे, कारण त्याशिवाय शेतजमीन घेता येत नाही. त्यासाठी खोतीची सनद चालत नाही. घरच्या कोणाच्या नावचा चालू सात-बारा आणि वारसाची साखळी लागते. उलट बाजूनेही एक सांगतो. गावातले कोणी ३२म ची जमीन तुम्हाला विकायला आले तर कूळकायद्याच्या कलम ४३ चे, म्हणजे विक्रीवरच्या बंधनाचे, काय झाले ते विचारा. २०१४ च्या दुरुस्तीनंतर, खरेदीला दहा वर्षे होऊन गेली असतील तर आकाराच्या चाळीसपट नजराणा सरकारात भरून ती विकायला मोकळी होते. पण भरल्याची पावती आणि त्याचा फेरफार डोळ्यांनी बघितल्याशिवाय बयाणा देऊ नका.

गावात जाल तेव्हा शिमग्याला जा असे सुचवीन. खोती कायद्याने संपली, मान संपला नाही. पालखी आधी कोणाच्या अंगणात, पहिला नारळ कोणाचा, होळीला हात कोणी लावायचा, यावर आजही बैठका बसतात आणि पोलीसही येतात. तुमच्या घराचा मान असेल तर तो घ्या किंवा सोडा, तुमची मर्जी. मी असतो तर सोडला असता आणि नुसता पालखी नाचवायला उभा राहिलो असतो. पण कुठल्या घराचा कुठला मान हे ऐकून लिहून घ्या. गावची उतरंड कोणत्याही बोटखतापेक्षा त्यात नीट दिसते. कुळांच्या वाडीतही जा. तुमच्या पणजोबांबद्दल तुमच्या चुलत्यांना ठाऊक नाही असे बरेच तिथे ठाऊक असेल. चहा देतील. पहिल्या दिवशी कागद दाखवू नका, जमीन मागायला आलात असे वाटेल.

दुसऱ्या खेपेला मात्र दाखवा. गाठोड्यात कुळवार खतावणी असेल, म्हणजे कुळागणिक जमीन आणि खंडाची वही, तर तिची एक प्रत वाडीत द्या. ढकललेल्या तारखांचे जे तंटे म्हणालो त्यांत अडकलेल्या माणसाला आजोबाचे नाव आणि शेताचे नाव एका ओळीत असलेला कागद दुसरीकडे कुठेही मिळत नाही. तुमच्या चुलत्यांना हे आवडणार नाही. त्यांना सांगा, जमीन परत येणार नाहीच आहे.

राहिली पायली. अभावणी म्हणजे उभ्या पिकाचा अंदाज खोत करायचा, आणि धान्य मोजून घ्यायचे मापही खोताचेच. चार शेरांची पायली, बारा पायलींचा मण, वीस मणांची खंडी असा इकडचा हिशेब. पण घ्यायची पायली वेगळी आणि द्यायची वेगळी, असे आजा म्हणायचा, आणि मी ते कुळाचे बोलणे म्हणून अर्धेच खरे धरत आलो. आपल्याकडे वस्तू आली आहे तर बघून टाकू. तळाशी किंवा काठावर सरकारी शिक्का आहे का ते पाहा. मग बाजारात जुना शेर मिळतो तो घ्या, तांदूळ भरा, काठावरून पट्टी फिरवून सपाट करा आणि पायलीत ओता. चार शेरांत भरली तर आजाचे बोलणे निदान तुमच्या घराला लागू नाही. साडेचार-पाच लागले तर कळवा.